भुंगा आणि कवडी

दुजवराला दिलेल्या मुलीनं सासरी फारशी अपेक्षा ठेवू नये, असं म्हणतात. गोदावरीनं ती ठेवलीच नव्हती, आणि म्हणूनच सोलापुरात शरच्चंद्र मास्तरांच्या घरात पाऊल टाकल्या टाकल्या भुंगा आणि कवडी ही दोन कुत्री तिच्या पायाशी लोळण घेऊ लागली, तेव्हा तिला अगदी भरून आलं. मास्तर बोलायचे ते मोजकंच. जेवण झालं की पुस्तकात डोकं घालायचे. त्यांच्या थोरल्या बहिणीचा, दुर्गावन्संचा, स्वभाव काही वाईट नव्हता. पण 'प्रेमला असं करायची' हे त्यांच्या तोंडून दिवसातून दहादा निघायचंच. प्रेमला म्हणजे मास्तरांची पहिली बायको. दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. कुत्री तिनंच पिल्लं असताना आणून वाढवलेली. निदान या मुक्या जिवांना तरी मी, मी म्हणून आवडले, असं गोदावरी स्वतःशी म्हणे आणि गरम भाकरीचा पहिला तुकडा त्यांना घाली.

रीतीप्रमाणे तिच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीनं सवतीचा टाक होता, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाईची इवलीशी मूर्ती. लग्नातच वन्संनी बजावलं होतं, "रोज आधी तिला कुंकू लाव, मग स्वतःला. आणि गळ्यातनं काढू नकोस. तिला राहायला दुसरी जागा नाही."

आश्विन लागला, पाऊस ओसरला आणि दर रविवारी टांगा करून हिप्परग्याच्या तलावावर जायचा परिपाठ सुरू झाला. बरोबर दशम्या, शेंगाचटणी, आणि टांग्यामागं धावणारी ही दोघं. नवरात्रात टाकाचा दोरा विरला म्हणून तो एक दिवस पटवेकऱ्याकडं ओवायला दिला. त्या दिवशी कुत्र्यांनी गोदावरीला हुंगलं आणि रस्त्यात अनोळखी बाई भेटावी तशी ती बाजूनं निघून गेली. हाक मारली तर कानसुद्धा हलवला नाही. संध्याकाळी टाक गळ्यात आला आणि दोघं पुन्हा मांडीशी हजर.

गोदावरीनं गळ्यातला टाक मुठीत धरला. म्हणजे इतके महिने जो लळा आपला म्हणून मिरवला, तो आपला नव्हताच की! आधी तिला रडू आलं, मग राग आला. आता मेलेल्या बाईवर रागवायचं तरी कसं? पण ती हट्टाला पेटली. टाक तिनं देवघरातल्या डबीत ठेवून दिला, वन्संना दिसू नये म्हणून पदर गळ्याभोवती लपेटून घेतला, आणि ठरवलं की कुत्री आली तर माझी म्हणून येतील, नाहीतर नाही आली तरी चालेल.

दसरा गेला, कोजागिरी गेली. कुत्री देवघराच्या उंबऱ्याशी बसून राहायची आणि ही दूधभाताची ताटली घेऊन त्यांच्याशेजारी. रविवारी तलावावर ती दोघं लांब पाण्याच्या कडेला बसत, हिच्याकडं पाठ करून. वाईट वाटायचं, पण ती माघार घेईना.

मग एका रविवारी चिंचेखाली बसल्या बसल्या तिला डुलकी लागली. ऊन कोवळं होतं, तलाव काठोकाठ भरला होता. किती वेळ गेला कोण जाणे. जाग आली तेव्हा दोघांची डोकी तिच्या मांडीवर होती. तिनं गळ्याला हात लावून पाहिला. टाक नव्हता. तिच्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. एवढ्यात भुंगा उठून पाण्याकडं धावला, आणि ती मागून ओरडली, "भुंग्या, डावा कान भिजवू नकोस, पुन्हा चिघळेल."

मास्तरांच्या हातातला घास हातातच राहिला. तो कान चिघळला होता त्याला चार वर्षं झाली होती, आणि त्याबद्दल गोदावरीला कुणीच काही सांगितलं नव्हतं. परतताना टांग्यात ते पुष्कळ बोलले, शाळेतल्या गमती सांगून मोठ्यानं हसलेसुद्धा, आणि जिंकल्याच्या आनंदात ती नुसती ऐकत राहिली.

दिवाळीची भाजणी तिनं वन्संना न विचारता केली. वन्सं एक चकली खाऊन डोळे पुसत उठल्या, आणि त्या दिवसापासून त्यांनी प्रेमलाचं नाव काढायचं सोडलं. माहेरी दिवाळीचं पत्र टाकायचं राहून गेलं. सकाळी कुंकू लावताना टाकाची डबी उघडायची आठवण राहीना. मास्तर शाळेतून लवकर घरी येऊ लागले. घरात सगळं कसं पूर्वीसारखं सुरळीत झालं.

भाऊबीजेला माढ्याहून तिचा थोरला भाऊ, वेणीमाधव, लुगडं घेऊन आला. दारातच भुंगा आणि कवडी त्याच्या अंगावर धावून गेली.

"अगं गोदे, आवर की तुझी कुत्री," तो हसत म्हणाला.

ती बाहेर आली. तिच्या एका शब्दासरशी दोघं गप्प होऊन तिच्या पायांशी बसली. परक्या पुरुषासमोर घ्यावा तसा तिनं डोईवरचा पदर पुढं ओढला, पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि खाली पाहत अदबीनं म्हणाली, "गोदावरीकडं आलात होय? बसा ना. तिला या घरी यायला अजून अवकाश आहे."