बांधावरच्या लाल चिंध्या

मालनचं लाल लुगडं फाडताना एक टोक माझ्या हातात व्हतं आन् एक तिच्या. लग्नातलं लुगडं, पार विरल्यालं, तरी बाईचा हात उठंना. म्या म्हनलं, "फाड की गं. आता काय नेसून मिरवनार हायस? बांध टिकला तर धाकूभाऊ नवं आनील." तिचा नवरा धाकू तितंच बसून काठ्या तासत व्हता. त्यो नुसता गालात हसला. मंग आमी टराटरा चिंध्या केल्या आन् त्यानं एकेक काठीला बांधल्या.

हे आधी सांगतीया, कारन पुढं लई शान्या मानसांनी लई काय काय सांगितलं. चिंध्या लाल व्हत्या. कुंकवासारख्या लाल. बास.

आमची वाडी देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराच्या पल्याड, पार खाडीच्या कडंला. समोर ट्रॉम्बेचा डोंगर दिसायचा. निम्मी घरं आमची, सातारा-सांगलीकडनं आल्याली बौद्ध मानसं. निम्मी कोकनातली, गिरन्यांचा संप बसला तवा परळ-लालबाग सोडून इकडं सरकल्याली. खारी जमीन, कुनाला नको व्हती. आमी तिला बांध घातला, कचऱ्याचं खत वाहून टाकलं, आन् दोन-तीन वर्सांत तितं माठ, पालक, मुळा असा तरारला की घाटकोपरच्या बाजारात बाया इचारायच्या, कुटनं आनता गं ही भाजी?

बांधाची इद्या धाकूची, त्याच्या कोकनातली. अवस-पुनवंला भर दुपारी खाडी फुगती, ते पानी बांधानं थोपवायचं. खेकडी बांधाला बिळं पाडत्यात. जितं बीळ दिसंल तितं काठी रोवायची, तिला लाल चिंधी. चिंधी दिसली की जाता-येता ज्यानं त्यानं घमेलंभर चिखल तितं थापायचा, कुनी सांगायची वाट बगायची न्हाई. आन् एवढं करून भगदाड पडलंच तर त्याला त्यो खांड म्हनायचा. खांड पडली की डबा बडवून हाक द्यायची. हाक ऐकली की ताटावरचं मानूस खरकट्या हातानं उठलं पायजे. जो उठला न्हाई त्याच्या दारचं पानी कुनी प्यायचं न्हाई.

हा नेम त्यानं सांगितला तवा आमच्या मानसांचा म्होरक्या कुंडलिकदादा खदाखदा हसला. म्हनला, आमच्या दारचं पानी तसंबी किती पिढ्या कुनी पीत न्हवतं, मंग आमाला ह्यात शिक्षा ती कसली? धाकू उठला, आमच्याच माठातलं तांब्याभर पानी घटाघटा प्याला, तोंड पुसलं आन् म्हनला, "आता नेम लागू झालो मां?" त्या दिवसापासनं कुंडलिकदादा त्याला भाऊ मानायचा. तोंडानं न्हवं, खरंच मानायचा.

पंच्याऐंशीच्या साली इलेक्शन आलं. आमच्या आमदाराच्या मनात खाडी बुजवून बिल्डिंगी उठवायचं व्हतं, हे कुनापासनं लपल्यालं न्हवतं. कुंडलिकदादानं सगळ्यांना समाजमंदिरात बसवलं. त्यो बोलाय उठला की पोरंसुदा गप बसायची. ठरलं की ह्या खेपंला त्या आमदाराला एक मत द्यायचं न्हाई, आन् खाडीकडंच्या बाकीच्या वस्त्याबी आमच्या मागं आल्या. आमदाराच्या कानावर गेलं आसनारच. आठ दिसांत त्याची मानसं आली आन् समाजमंदिरात टीव्ही बसवून गेली. फुकट. म्या म्हनलं, आमी देवनारच्या कत्तलखान्याजवळ ऱ्हातो, कसाई बकऱ्याला पाला कवा दावतो ते आमाला नका शिकवू. पर आमचं ऐकतंय कोन? सगळी वाडी सांच्याला तितं. पोरं पुढं, म्हातारी कोतारी भिंतीला, बाया भाकरी लवकर थापून हजर. खोटं कशाला बोलू, गान्याच्या दिवशी मीबी जायची.

गान्याआधी बातम्या लागायच्या. केसात फूल माळल्याली बाई, आवाज आसा गोड की शिवी दिली तरी गोड लागावी. ती रोज सांगाय लागली की देशावर संकट हाय, दुश्मन खाडीच्या वाटेनं हत्यारं उतरवतोय, परक्या मानसापासून सावध ऱ्हावा. मंग मोठा साहेब हात जोडून दिसायचा. मजबूत सरकार आसंल तरच तुमी सुखानं निजाल, आसं त्याचं म्हननं. पेपर उघडला तर तेच. दुपारी जीप यायची, भोंग्यावरनं तेच. कुनी डबा वाजवून, हाका मारून गोळा करीत आसंल तर जाऊ नका, त्यो दुश्मनाचा डाव आसू शकतो. पाच मानसांपेक्षा जास्त एका जागी जमू नका.

आदी आमी हसायचो. दुश्मनाला काय आमचा मुळा चोरायचाय? पर रोज रोज कानावर पडलं की मनात बसतंच की वो. दिवेलागनीला कड्या लागाय लागल्या. पोरांना खाडीकडं जाऊ देईनात. कोकनातली मानसं आमच्याकडं आलेल्या पाव्हन्याला न्याहाळून बगायची, आन् आमची मानसं त्यांच्याकडं आलेल्याला. मतांचं ठरल्यालं कुनी काढंना. कुंडलिकदादाच म्हनाय लागला, सध्या दिवस बरं न्हाईत, मंग बगू.

एक दिवस गाडी आली. दोन पोरं क्यामेरा घिऊन बांधावर चढली, हिकडं तिकडं फिरली, चा प्याली आन् गेली. सांच्याला टीव्हीवर आमचा बांध! पोरांनी नुसता कालवा केला. काठ्या दिसल्या, चिंध्या फडफडताना दिसल्या. आता आमचा टीव्ही बिनरंगाचा, त्यात लाल काय आन् निळं काय, समदं काळंच. ती फुलवाली बाई म्हनली, खाडीकिनारी संशयास्पद काळी निशानं सापडली हाईत, दुश्मनाच्या होड्यांना इशारा द्यायला ती लावली आसावीत, तपास चालू हाय.

म्या फिस्सदिशी हसले. मालनच्या लुगड्याचं निशान! वाटलं, आता समदी वाडी हसंल. मागं वळून बगितलं तर कुनी हसत न्हवतं. धाकूच्या शेजारी बसल्याला मानूस हळूच सरकून बसला.

धाकू भोळा. त्याला वाटलं, सरकारची चूक झालीया, आपन सांगितली की सुदरल. सकाळी उठून त्यानं बांधावरची एक काठी उपटली, चिंधीसकट खांद्यावर टाकली, आन् आपल्या पायानं चौकीत गेला. रंग दाखवायला. मालन म्हनत व्हती, जाव नको. त्यो म्हनला, चुकला तर सांगूक नको? त्यो गेला त्यो त्या दिवशी परत आलाच न्हाई. सांच्याला टीव्हीवर त्याचं तोंड, डोळं मिटल्यालं, हातात ती काठी. निशानासकट एकाला पकडलं, आसं बाईनं सांगितलं. चिंधी काळीच दिसत व्हती.

मालन दारोदार फिरली. तिचं मागनं येवढंच व्हतं की चार मानसांनी चौकीत येऊन सांगावं, काठ्या बिळांच्या खुनेच्या हाईत आन् चिंध्या लाल हाईत. समद्या वाडीनं रोज ज्या चिंधीपाशी चिखल थापला, ती कसल्या रंगाची येवढंच सांगायचं. कुनाचं पोट दुखत व्हतं, कुनाला गावाला जायचं व्हतं. शेवटी मी तिला घिऊन कुंडलिकदादाकडं गेले आन् तोंडावर इचारलं, चिंध्या कसल्या?

त्यो जमिनीकडं बगून म्हनला, "टीव्हीवर तर काळ्या दिसल्या."

"टीव्हीवर तुजं तोंडबी काळं दिसंल," म्या म्हनलं. "डोळ्यांनी काय बगितलंस ते बोल की."

मंग हळू आवाजात म्हनला, "सोनूबाई, सरकार खोटं बोलतंय आसं एकदा धरलं, तर उद्या खरंच कोन चालून आलं म्हंजे आपन पळायचं कुनाकडं?"

मला संताप आला, त्याच्या दारात थुंकून उठले. पर घरी येऊन चूल पेटवताना त्याचाच सवाल आठवला आन् माझं मलाच भ्या वाटलं. मालननं चौकीत आमी दोघीच गेलो तर चालंल का इचारलं. गेलो. हवालदारानं बसाय सांगितलं, सांजपतोर बसवलं, आन् बायकांचं काय काम म्हनून हाकलून दिलं.

तवर पोलिसांनी बांधावरच्या समद्या काठ्या उपटून नेल्या व्हत्या. पुरावा म्हनून. आता बीळ कुटं हाय कुनाला कळनार, आन् कळलं तरी बांधावर पाय ठेवायची छाती कुनाची? चिखलाचं घमेलं घिऊन निघाल्या मानसाला पोरंसुदा इचारायची, काका, तुमी दुश्मनाकडं चाललाय का?

शिवरात्र झाली. दुसऱ्या दिवशी अवस. भर उन्हात खाडी वर चढाय लागली. मी आन् मालन सकाळधरनं बांधावर चिखल वाहत व्हतो, दोन बाया किती वाहनार? धाकूच्या तुकड्यापाशी आदी नुसतं पाझरलं. मंग मुठीयेवढं झालं. मंग ढेकूळच निसाटलं आन् पानी आत घुसलं. मालननं त्यात आडवं पडून पाठ लावली. "आक्का, हाक मार!" म्हनली. मी डबा घेतला. तिला धीर निघंना, तीच उठली, माझ्या हातनं डबा हिसकला आन् बडवत वाडीकडं धावली. "खांड पडली! खांड पडली गो!" गळा फाटंस्तोवर वरडली.

जेवायची येळ. समदी घरात. मी बांधावरनं बगत व्हते. पैल्या हाकंला दारं उघडली, आन् माझ्या जिवात जीव आला. कुंडलिकदादा दारात आला. हात खरकटा, बोटांना आमटी. त्यानं आमच्याकडं बगितलं, पान्याकडं बगितलं, एक पाय उंबऱ्याभाईर टाकला. तेवढ्यात मागनं त्याची बायकू काय तरी बोलली. मंग त्यानं पाय आत घेतला. दार लावलं. त्याचं बगून शेजाऱ्यानं लावलं, त्याचं बगून पल्याडच्यानं. कड्यांचा आवाज मला बांधापतोर आला.

वाफं एकामागं एक बुडालं. पालक, माठ, मुळा, समदं. धाकूचं आदी, मंग आमचं, मंग कुंडलिकदादाचं. खाऱ्या पान्याला आपलं परकं कळत न्हाई.

दुसऱ्या दिवशी आमदार आला, क्यामेरा घिऊन. घोट्याभर पान्यात उभा ऱ्हायला. म्हनला, दुश्मनानं बांध फोडला. त्याचा हस्तक आमी आदीच आत टाकलाय, न्हाईतर आज ह्या वाडीत एक मानूस जित्ता दिसला नसता. वाडीनं टाळ्या वाजवल्या. बुडाल्या वाफ्याच्या कडंला उभी ऱ्हाऊन मानसं टाळ्या वाजवत व्हती, आन् बायांचं डोळं भरलं व्हतं, वाचलो म्हनून. हार कुंडलिकदादानं घातला. सांच्याला समदी वाडी समाजमंदिरात, सोताला टीव्हीत बगायला.

मताच्या दिवशी सकाळी सातलाच ही रांग. आमदार दनकून निवडून आला. आमच्या खाडीकडंची पेटी उघडली तवा म्हनं त्याचीच मानसं चकित झाली.

मंग डंपर आलं. जमीन खारावलीया, आता पीक व्हनार न्हाई, मंग भराव टाकाय हरकत काय? हरकत कुनाचीच न्हवती. खोल्या मिळनार आसं सांगितलं व्हतं. कुटं, कवा, ते सांगितलं न्हवतं, आन् इचारायला समाजमंदिरात कुनी जमत न्हवतं. जमायचं ते टीव्ही बगायला.

इलेक्शन झाल्यावर धाकूची कुनाला गरज उरली न्हाई. दिला सोडून. खटला न्हाई, कागद न्हाई, काय न्हाई. त्याची बातमी टीव्हीवर आली न्हाई. त्यामुळं वाडीच्या लेखी त्यो सुटलाच न्हवता, कसा तरी भाईर आला व्हता. त्यो रस्त्यानं चालत आला तवा पोरांना घरात वडून घेतलं.

घरी न जाता त्यो नीट बांधावर गेला. मी आन् मालन मागनं. पार वाळला व्हता, एक कान सुजल्याला. त्याच्या तुकड्यावर मिठाची पांढरी खपली धरली व्हती आन् पल्याड डंपर माती वतत व्हता. त्यानं वाकून खपली उचलली, बोटांनी चुरली. मंग मालनला इचारलं, "हाक कोणी मारूक नाय काय?"

"मी मारलंय," ती म्हनली.

धाकूनं वाडीकडं बगितलं. दारं समदी बंद, कुंडलिकदादाचंबी. चेहऱ्यावर राग दिसला आसता तर बरं वाटलं आसतं मला. तसलं काय न्हवतं. शाळेतलं पोर गनिताला आडावं तसा त्यो उभा व्हता. मंग त्याचा त्यालाच मार्ग सापडल्यागत म्हनला, "वारो उलटो आसतलो त्या दिसा. कोणाक आयकाक गेला नसतला. होय मां, आक्का?"

मालननं माझ्याकडं बगितलं. खांड पडली त्या दुपारी झाडाचं पान हालत न्हवतं.

"व्हय रं बाबा," म्या म्हनलं. "वारा लई व्हता."