कोऱ्या यादीचे पाच सोमवार

"काय अपेक्षित होतं, काय झालं, आणि तुम्ही आतापर्यंत काय करून पाहिलंत, या क्रमानं सांगा," साहेब म्हणाले.

"एक जिना चढून आले, एवढंच करून पाहिलंय," मी म्हणाले आणि केसपेपर त्यांच्या टेबलावर ठेवला. "या बाईंची तारीख महिन्यापूर्वी उलटली. आज औषध संपलं म्हणून आपणहून आल्या. तुमच्या सोमवारच्या यादीत यांचं नाव का नाही?"

आमचं हॉस्पिटल डोळ्यांचं. मी काचबिंदूच्या खोलीतली सिस्टर. काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं जाते आणि समोरचं दिसत राहतं, त्यामुळे माणसाला पत्ताच लागत नाही. म्हणून तारीख चुकवलेल्यांची यादी दर सोमवारी संगणकातून निघते आणि मी एकेकाला फोन करून बोलावते. गेले पाच सोमवार ती यादी कोरी आली होती. पेशंटना आठवणीचे मेसेज जायची नवी सोय नुकतीच सुरू झाली होती. मला वाटलं, लोक सुधारले. खोटं कशाला सांगू, मी खूश होते.

साहेब म्हणजे आमचे संगणकवाले. हॉस्पिटलात त्यांना साहेब मी एकटीच म्हणते, तेही चिडवायला. बाकी सगळ्यांना ते प्रिंटरमध्ये कागद अडकला की आठवतात. पण इंटरनेटवर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा एक मंच आहे, तिथे जगभरचे लोक अडलेले प्रश्न टाकतात, आणि तिथे या माणसाचा भलताच दरारा. नाव काय घेतलंय, तर 'दुसरा मजला', कारण खोली दुसऱ्या मजल्यावर. अठरा वर्षं जेवणाच्या सुट्टीत एका हातानं जेवायचं आणि दुसऱ्या हातानं परक्यांच्या डेटाबेसच्या भानगडी निस्तरायच्या, हा त्यांचा नेम. प्रश्न अर्धवट असला तर झापायचे. कुणी सुरुवातीला 'नमस्कार' लिहिलं तर तेही खोडायचे.

"अहो, नमस्कारानं काय बिघडतं?" मी एकदा विचारलं होतं.

"वाचणाऱ्याचा वेळ जातो," ते म्हणाले होते.

त्या दिवशी मात्र केसपेपर बघून त्यांनी खुर्ची पडद्याकडे वळवली. यादी काढणारी क्वेरी, म्हणजे संगणकाला लेखी विचारलेला प्रश्न, त्यांनी पडद्यावर उघडली आणि तिचे तुकडे करून एकेक तपासायला घेतले. तारीख उलटलेले किती? शेकड्यानं. येऊन गेलेले किती? तेही शेकड्यानं. पहिल्यांतून दुसरे वगळा म्हटलं की शून्य.

वीस मिनिटांनी त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. येऊन गेलेल्यांत एक नोंद बिननंबराची होती. खाली नोंदणीच्या खिडकीवर नवा फॉर्म आल्यापासून केसपेपरचा नंबर न टाकताही नोंद व्हायला लागली होती.

"एका रिकाम्या रकान्यानं सगळी यादी कोरी?" मी विचारलं.

"संगणकाला आपण विचारतो, ही बाई येऊन गेलेल्यांत नाही ना? तो बघतो, त्यांत एक जण निनावी आहे. म्हणतो, तो निनावी म्हणजे हीच बाई नसेल कशावरून? मला खात्री नाही. खात्री नाही म्हणून नाव देत नाही. असं प्रत्येकाच्या बाबतीत."

"म्हणजे तो प्रामाणिक की मूर्ख?"

"तो प्रामाणिक. मूर्ख लिहिणारा."

लिहिणारी त्यांच्याच हाताखालची मुलगी. वर्षापूर्वी नोकरी सोडून गेली. पोर मोठी सरळ होती. मंचावरून काही उचललं तर कुठून उचललं याचा पत्ता ती क्वेरीच्या वर नोंदवून ठेवायची. तो पत्ता साहेबांनी उघडला. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. अकरा वर्षांपूर्वीचं उत्तर. प्रश्न विचारणाऱ्यानं 'हेच बरोबर' अशी खूण केलेली. दोन हजारांवर लोकांनी पसंती दिलेली. खाली नाव, दुसरा मजला.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांनी खाली एक टिप्पणी दाखवली. चार वर्षांपूर्वी कुणी नवख्यानं लिहिलं होतं: "यादीत एखादी जागा रिकामी असेल तर याचं उत्तर शून्य येतं. माझं काही चुकत असेल तर माफ करा, पण एकदा बघाल का?" त्याखाली साहेबांचा जबाब: "मूळ प्रश्नात रिकाम्या जागेचा उल्लेख नाही. आधी नियम वाचा."

"सांगितलं होतं हो त्यानं मला," साहेब म्हणाले.

मला त्यांची दया आली आणि रागही आला. "त्या उत्तरातल्या दोन ओळी आत्ता गुपचूप बदला. कोण बघतंय?" मी म्हणाले.

त्यांनी आधी आमची क्वेरी हातात घेतली. आमच्या क्वेरीत रिकाम्या नोंदी वगळल्या आणि यादी काढली. एक्केचाळीस नावं निघाली.

दोन दुपारी आम्ही दोघांनी मिळून फोन केले. फोनवर बोलणं हा साहेबांचा प्रांत नव्हे. पहिल्या आजींना त्यांनी "आपली नोंद अपूर्ण आहे" असं सांगितलं आणि आजींनी फोनच ठेवून दिला. मग मी त्यांना शिकवलं, आधी नमस्कार म्हणा, कसे आहात विचारा. दुसऱ्या दुपारपर्यंत ते लोकांच्या गुडघेदुखीची चौकशी करायला लागले होते.

बरेचसे येऊन गेले आणि ठीक निघाले. एका शिंपीकाकांचं मात्र ठीक नव्हतं. त्यांची थेंबांची बाटली संपली होती आणि ते आमच्या फोनची वाट बघत थांबले होते. नजर तपासायच्या यंत्रात ठिपका चमकला की बटण दाबायचं असतं. डाव्या डोळ्याच्या वेळी मी शेजारी उभी होते. ठिपके चमकत होते आणि काकांचं बोट बटणावर नुसतं टेकलेलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, गेलं ते परत यायचं नाही. आहे ते औषधानं राखू.

साहेब पहिल्यांदाच आपणहून माझ्या खोलीत आले. काकांसमोर स्टूल ओढून बसले आणि म्हणाले, "तुम्हाला फोन गेला नाही, ती चूक माझी."

"मला वाटलं, फोन नाही म्हणजे डोळा बरा चाललाय," काका म्हणाले. मग म्हणाले, "माझ्या दुकानात एकदा माझ्याच हातून बाहीचा कागदी नमुना चुकीचा कापला गेला. भिंतीवर टांगलेला, त्यामुळे जो तो त्यावरूनच कापायचा. एवढं कापड वाया गेलं, पण मला तो फाडवेना. माझा हात चांगला आहे असं सगळे म्हणायचे ना."

"मग?"

"मग काय, फाडला. आठ दिवस कुणाकडे बघवलं नाही."

काका गेल्यावर साहेब वर गेले. मी थेंब घालायचं काम दुसऱ्या सिस्टरकडे दिलं आणि मागोमाग गेले, कारण त्यांचा चेहरा मला बरा वाटला नाही.

ते आपलं उत्तर पुसून टाकायच्या खटपटीत होते. मंच पुसू देईना. विचारणाऱ्यानं बरोबर ठरवलेलं उत्तर लिहिणाऱ्याला काढता येत नाही, असा तिथला नियम. आणि विचारणारा सात वर्षांत तिकडे फिरकलेला नाही.

"हा नियम करा म्हणून मीच भांडलो होतो," साहेब म्हणाले.

मग त्यांनी उत्तराच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: "हे उत्तर चुकीचं आहे. वापरू नका. यादीत एक जागा जरी रिकामी असली तरी हे काहीच दाखवत नाही, आणि काही बाकी नाही असं वाटतं. यामुळे आमच्या इथे एका माणसाची नजर गेली. चार वर्षांपूर्वी मला हे सांगण्यात आलं होतं. मी ऐकलं नाही." खाली बरोबर पद्धत लिहिली, आणि त्याखाली त्या नवख्याचं नाव, शोध याचा आहे म्हणून.

तासाभरात लोक जमले. कुणी खवचटपणे अभिनंदन केलं. कुणी विचारलं, इतकी वर्षं झोपला होतात का? पसंतीचा आकडा उतरायला लागला. साहेबांनी एकालाही नियम वाचायला सांगितलं नाही. मला त्या माणसाचा अभिमान वाटला आणि मी तसं सांगितलंही. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

ते त्या नवख्याचं मंचावरचं पान उघडत होते. त्याची माफी मागायची होती. पानावर ती एकच टिप्पणी होती. त्याआधी काही नाही. साहेबांच्या जबाबाच्या दुसऱ्या दिवसापासून तो तिथे आलेलाच नव्हता.

साहेबांनी ते पान खालपर्यंत सरकवलं, परत वर आणलं.

"सिस्टर," ते म्हणाले, "याला फोन कुठे करायचा?"

मी दुसरी खुर्ची ओढली आणि त्यांच्या शेजारी बसले.