भिंगरीचं बोट

टायरच्या दुकानावरच्या हॉलला लिफ्ट नव्हती. त्यामुळे दर शनिवारी सकाळी खाली टायरांच्या चळतीला टेकून सहा-सात चाकांच्या खुर्च्या रिकाम्या उभ्या असत, आणि आईबाप आपापलं पोर खांद्यावर टाकून तो अरुंद जिना चढत. कुणाचं चार वर्षांचं, कुणाचं चौदा वर्षांचं. वर पोचेपर्यंत बापांच्या तोंडाला फेस यायचा, पण तक्रार कुणाचीच नसे. कारण वर मुकी मुलं बोलत होती!

त्यांना बोलतं करणारी बाई आपल्याच मुलखातून या परदेशात आलेली. लोक तिला वाचामाऊली म्हणत. ती मुलाच्या शेजारी बसे, त्याचं मनगट हलकेच धरी, समोर अक्षरांची पाटी ठेवी. आणि मुलाचं बोट अक्षरांवर फिरू लागे.

"माझं काहीच नाही हो," माऊली गोड हसून सांगे. "लेकराच्या आत शब्दांचा समुद्र आहे. मी नुसती नळाची चावी फिरवते."

समुद्राला नळ कुठून आला, हे कुणी विचारलं नाही. विचारायच्या मनःस्थितीत तिथे होतंच कोण?

भिंगरीची आई तर मुळीच नव्हती. ती एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरी घडी करायची, नवरा बसच्या आगारात बस धुवायचा. या देशात येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. मुलगी नऊ वर्षांची. दिवसभर घरात स्वतःभोवती गोल गोल फिरायची म्हणून भिंगरी. तिला आकडी यायची, त्यावर रोजचं औषध होतं. तोंडातून शब्द मात्र आजवर एकही फुटला नव्हता.

बोलायला शिकवणाऱ्या तज्ज्ञांच्या यादीत तिचं नाव घालून सतरा महिने उलटले होते. चौकशीला फोन करावा तर पलीकडून यंत्र बोले, तेही इथल्या भाषेत. अमक्यासाठी एक दाबा, तमक्यासाठी दोन दाबा. आई कानाला फोन लावून उभी राही, आणि शेवटी काहीच न दाबता ठेवून देई.

अशा बाईच्या लेकीचं बोट पहिल्याच शनिवारी पाटीवर फिरलं आणि अक्षरं जुळली: 'आई मला सगळं कळतं. रडू नको.'

आईने लेकीला उराशी धरलं आणि ती रडता रडता हसू लागली. नऊ वर्षं ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते वाक्य आपल्या भाषेत, आपल्या अक्षरांत!

नवऱ्याने घरी जाताना हळूच म्हटलं, "अगं, पण ती पाटीकडे बघत नव्हती. सगळा वेळ खिडकीकडे बघत होती."

"माऊली म्हणाल्या ना, आपण डोळ्यांनी वाचतो, ती आत्म्याने वाचते."

"आत्म्याला बाराखडी कुणी शिकवली?"

"तुम्हाला तिचं बोलणं नकोच आहे!" ती रडू लागली. त्याने विषय सोडला. मघाशी हॉलमध्ये ती हसली, तसं हसताना त्याने तिला सहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग तज्ज्ञांचं पत्र आलं. तारीख मिळाली होती. दहा दिवसांत होकार कळवायचा होता. आईने पाटीला विचारलं. पाटी म्हणाली, 'तिकडे नको. इथे मी मोकळी आहे.' पत्र ड्रॉवरमध्ये गेलं.

पुढच्या महिन्यात पाटी म्हणाली, 'औषध माझे शब्द झोपवते.' औषधही बंद झालं.

अकराव्या दिवशी दुपारी भिंगरीला जी आकडी आली ती थांबेचना. रुग्णवाहिका आली, दवाखान्यात नळ्या लागल्या. चौथ्या दिवशी मुलगी सावरली, पण डावा पाय ओढू लागली; बाहेर न्यायला आता तिलाही चाकांची खुर्ची लागू लागली. भिंगरी त्यानंतर गोल फिरली नाही.

दवाखान्यात डॉक्टरांचं बोलणं आपल्या भाषेत करून सांगायला एक दुभाषीबाई येत. डॉक्टरांनी विचारलं, "औषध कुणाच्या सांगण्यावरून बंद केलं?" दुभाषीबाईंनी तसंच सांगितलं.

"तिनेच सांगितलं," आई म्हणाली. "मुलीने. माऊलींच्या पाटीवर."

दुभाषीबाईंनी तेही डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. मग कामाची पाळी संपल्यावर त्या परत आल्या आणि आईजवळ स्टूल ओढून बसल्या. "ताई, कामावर असताना मला माझं काही बोलता येत नाही. आता माझं बोलते. ही पाटी मला बघायची आहे."

"बघा. तुमचाही विश्वास बसेल."

"एक सांगते ते कराल? एक पाकीट देते. त्यात चित्र आहे. तुम्ही एकट्यांनी बाहेर जिन्यात भिंगरीला दाखवायचं आणि परत पाकिटात घालायचं. माऊलींना नाही दाखवायचं. लेक सांगेल ना तुम्हाला, काय पाहिलं ते?"

"सांगेल की!" आई छातीठोकपणे म्हणाली.

शनिवारी हॉल गच्च भरला होता. आईने जिन्यात पाकीट उघडलं. आत एका लाल बुटाचं चित्र होतं. भिंगरीची नजर कठड्यावर होती. आईने तिच्या कानाशी तोंड नेलं. "बूट, बाळा. बूट. एवढंच सांग. दोनच अक्षरं." तिने तीनदा सांगितलं.

इकडे आत दुभाषीबाई माऊलींना एक चित्र दाखवत होत्या. "मुलीला चित्र दाखवायला पाठवलंय. तुम्हीही बघून ठेवा, म्हणजे पारखायला सोपं." ते किल्लीचं चित्र होतं. ते मुलीला दाखवलेलंच चित्र आहे, असं माऊलींनी गृहीत धरलं.

भिंगरी आली, बसली. माऊलींनी मनगट धरलं. बोट हललं. 'क'वर गेलं, मग वेलांटीवर, मग दोनदा 'ल'वर.

"किल्ली!" माऊली म्हणाल्या. टाळ्या पडल्या.

आईने पाकीट उघडलं. आतलं चित्र काढून तिने पाटीवर ठेवलं. लाल बूट.

हॉलमध्ये कुजबुज उठली. दुभाषीबाईंनी दुसरं चित्र पुढे ठेवलं. "किल्ली मुलीने पाहिलीच नाही. या खोलीत ती माझ्याशिवाय पाहिली फक्त तुम्ही, माऊली. मग बोट कुणाचं बोललं?"

"संशयाने ऊर्जा विस्कटली आहे," माऊली म्हणाल्या.

"मग मनगट सोडा. तिला एकटीला एक अक्षर दाखवू दे."

माऊलींनी मनगट सोडलं. भिंगरीचा हात पाटीवरून घसरून मांडीवर पडला.

"यात जादू नाही," दुभाषीबाई लोकांकडे वळल्या. "कुणाचंही मनगट असं धरा आणि मनात एक अक्षर आणा. आपल्या नकळत आपला हात त्याला तिकडे रेटतो, त्याचं बोट तिकडे जातं. यांनी मुद्दाम केलं की यांनाही कळलं नाही, ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण शब्द धरणाऱ्याचे आहेत, मुलांचे नाहीत. आणि त्याच शब्दांनी या मुलीचं औषध बंद केलं."

लोक माऊलीवर चिडतील असं तुम्हाला वाटलं असेल. पण कोपऱ्यातली एक आजी चिडली ती दुभाषीबाईंवर. नातू तिच्या मांडीवर होता. "तुझ्या घरात आहे का गं असं लेकरू?"

"नाही, आजी."

"मग कशाला आलीस? एवढंच होतं आमच्याकडे."

दुभाषीबाईंनी दोन्ही चित्रं उचलून पाकिटात घातली.

जिना उतरताना भिंगरीच्या आईने एकच विचारलं. "मग 'रडू नको' कुणी म्हटलं होतं?"

खाली पोचल्यावर दुभाषीबाईंनी भिंगरीची चाकांची खुर्ची उघडून दिली.

औषध पुन्हा सुरू झालं. दुभाषीबाईंनी बसून तज्ज्ञांचा फॉर्म भरून दिला; नाव यादीच्या तळाशी लागलं. डॉक्टरांनी शिफारस केल्यावर आठवड्यातून दोन तास एक मदतनीस घरी येऊ लागली. ती भिंगरीसमोर पाणी आणि चेंडू अशी दोन चित्रं ठेवते, तिचा हात धरत नाही आणि वाट बघते. भिंगरी अजून कशाकडेच हात नेत नाही. आई शेजारी बसून बघते.

माऊलींचा हॉल बंद पडला नाही. शनिवार आला की भिंगरीची आई टायरच्या दुकानापाशी जाऊन उभी राहते. पोर खांद्यावर घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला म्हणते, "दादा, वर जा, पण एकदा त्यांना मनगट सोडायला सांगा." बहुतेक जण मान खाली घालून जिना चढतात. तिला राग येत नाही. तीही चढली होती.

वाचकहो, या आईबापांना अडाणी म्हणू नका. त्यांना कुणी त्यांच्या भाषेत उत्तर दिलं नाही, सतरा महिने यादीत उभं केलं, आणि जी पहिली बाई त्यांच्याशी गोड बोलली तिच्या पायाशी ते बसले. पण चमत्कार दाखवणाऱ्याला एक साधी परीक्षा द्यायला सांगायचं, यात देवाचा अपमान नाही की लेकराचाही नाही. आणि कुणीही काहीही सांगो, अगदी लेकराच्या तोंडून आल्यासारखं सांगो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका.