एक छेद तीनचे तुकडे

आमची ही पाचवीला गणित शिकवायची. मुलाचं उत्तर चुकलं की ती फुली मारायची नाही. त्याला जवळ बोलवायची, असं का वाटलं ते विचारायची आणि वहीत उतरवून घ्यायची. अशा तिच्या चार वह्या झाल्या. अपूर्णांकांसाठी लाकडी पट्ट्यांचे तुकडे लागायचे, ते मी करून द्यायचो. मी सुतार आहे.

ती आजारी पडल्यावर शिक्षण-संशोधन संस्थेतले एक सर घरी येऊ लागले. सफरचंदं आणायचे, तिला ताई म्हणायचे. वह्या टाइप करून तुमच्या नावाने छापू, असं सांगून तीन वह्या घेऊन गेले. पुढे ती गेली. चार महिन्यांनी पुस्तक आलं, त्यावर नाव सरांचं. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, एका शिक्षिकेचं सहकार्य लाभलं, एवढंच.

मी संस्थेत गेलो. तिचं नाव घाला, दुसरं काही नको, म्हणालो. सरांनी मला बसा सुद्धा म्हटलं नाही.

"तुम्ही सुतारकाम करता ना? मग संशोधनातलं तुम्हाला काय कळणार?"

ती गेल्यापासून माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. त्या दिवसापासून उतरायला लागला.

पुस्तक मी बोट ठेवून ठेवून तीनदा वाचलं. सरांचा मोठा शोध असा होता की, एक छेद तीनचे तीन तुकडे जोडले तर पूर्ण होतं का, असं विचारलं की बहुतेक मुलं म्हणतात, नाही, थोडं कमी पडतं. तीन हा आकडा मुलांच्या मनाला पुरा वाटतच नाही, हे त्यांनी बारा पानं खर्चून समजावलं होतं. हे आपण स्वतः पाच शाळांत पाहिलं, असंही लिहिलं होतं.

मग हिच्या शाळेच्या पिशवीत चौथी वही सापडली. त्यात तिने लिहिलं होतं, "तुकडे खरंच आखूड आहेत. ह्यांनी करवतीचा हिशेब धरला नाही. मुलं बरोबर होती. कागदाच्या घड्या घालून पुन्हा विचारलं. छत्तीसपैकी चौतीस म्हणाली, पूर्ण होतं."

करवत चालते तेव्हा पात्याच्या जाडीएवढं लाकूड भुसा होऊन जातं. तेवढी जागा सोडून खूण करायची असते. अर्धे आणि पाव मी तसेच कापले होते. एक छेद तीनचे कापले त्या दिवशी तिचा रिपोर्ट यायचा होता. माझं लक्ष नव्हतं. नंतर ती मला एका शब्दानेही बोलली नाही. वही मांडीवर घेऊन मी दुपारभर बसून राहिलो. मग कपाटात ठेवून कुलूप लावलं.

लगेच दाखवली असती तर सरांनी गुपचूप ती बारा पानं बदलली असती. मला त्यांना उंच चढू द्यायचं होतं. वर्षभर त्या पुस्तकावर शिक्षकांची शिबिरं झाली, पेपरात सरांचे फोटो आले. मी फोटो बघायचो आणि म्हणायचो, चढा सर, अजून एक पायरी चढा.

शेवटी ते पुस्तक सगळ्या शाळांना लागू करायचं ठरलं आणि त्यासाठी शिक्षकांची मोठी सभा भरली. प्रश्न विचारायला सांगितलं तसा मी तिच्या वर्गातल्या तुकड्यांची पेटी आणि चौथी वही घेऊन पुढे गेलो. सरांनी मला ओळखलं, पण चारशे माणसांसमोर अडवणार कसे? टेबलावर मी पूर्ण पट्टी ठेवली आणि तिला लागून तीन तुकडे जोडले. पुढच्या रांगेतल्या एक बाई उठून जवळ आल्या, त्यांनी फूटपट्टी लावली. सहा मिलिमीटर कमी भरले. मी वहीतली तिची नोंद वाचून दाखवली आणि सांगितलं, ही माझी चूक. असे तुकडे एकाच वर्गात होते, माझ्या बायकोच्या.

"तर सर, तुमच्या पाच शाळांतल्या मुलांना माझी करवत कुठे भेटली?"

आधी मागे कोणीतरी हसलं, मग सभागृहच हसायला लागलं. अध्यक्षांनी पाच शाळांच्या नोंदी मागितल्या. सर म्हणाले, घरी आहेत. दोनदा पाणी प्यायले. मी ते घोट मोजले.

बाहेर जिन्यात सरांनी मला गाठलं. पहिल्यांदाच दादा म्हणाले. पुढच्या आवृत्तीत ताईंचं नाव घालतो, माझ्याही वर, असं म्हणाले.

"नको सर. पुस्तक तुमचं आहे, तुमचंच राहू द्या."

असं सुख मला कित्येक दिवसांत मिळालं नव्हतं. तेवढ्यात त्या फूटपट्टीवाल्या बाई आल्या. हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं, त्यांनी विचारलं. मी ताठ मानेने सांगितलं, वर्ष झालं, वही कपाटात कुलपात ठेवली होती.

त्यांनी माझ्या हातातल्या वहीकडे पाहिलं. मग म्हणाल्या की शिबिरात शिकवलं तसं त्या वर्षभर मुलांना शिकवत होत्या. ज्याने पूर्ण होतं असं लिहिलं, त्याला न समजता लिहितोस म्हणून पुन्हा बसवत होत्या. एक मुलगी तर आता उत्तरच लिहीत नाही, पाटी कोरी ठेवते.

"आणि ही वही तुमच्या कपाटात होती?"

सर माझ्याशी कसे वागले ते मी सांगायला लागलो.

"मी सरांचं विचारत नाहीये," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला.

मी वही दिली. सरांचा तो चेहरा आठवला की आजही मला बरं वाटतं, त्यात खोटं नाही. पण त्या बाईंकडे मला बघवेना. त्या तिथेच पायरीवर बसल्या आणि पहिल्या पानापासून वाचायला लागल्या. एक अक्षर लागेना तेव्हा वही माझ्यापुढे धरली. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि वाचून दाखवलं.