चार मिलिमीटर

आमच्या गावात अकरा सप्टेंबरला चार मिलिमीटर पाऊस पडला, असं सरकारी नोंद सांगते. तो पाऊस पडताना मी तिथं हजर होतो, म्हणून हे लिहायचा धीर करतो आहे. एरवी गावच्या वाचनालयात पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेलंच झाडून-पुसून ठेवलं. आपण लिहावं असं कधी वाटलं नाही.

ग्रामपंचायतीच्या आवारात जाळीच्या कुंपणात पाऊस मोजायचं यंत्र आहे. ते आपोआप मोजतं आणि आपोआप वर कळवतं. सलग एकवीस दिवस पाऊस नसला तर आमचं महसूल मंडळ दुष्काळाच्या यादीत जाणार आणि जनावरांसाठी चारा छावणी उघडणार, असं ठरलं होतं. अकरा तारखेला अठरावा दिवस होता. माझ्या शेजारची वनमाला ते दिवस बोटांवर मोजत होती. तिच्याकडं एकच गाय, तीही गाभण. कडबा संपलेला. छावणी उघडली तर गाय दावणीला राहणार, नाही तर आष्टीच्या बाजारात जाणार.

त्याच दिवशी दुष्काळाची पाहणी करायला एक पुढारी येणार होते. त्यांच्या कपड्यांवर धुरळा उडू नये म्हणून सरपंच अंगदरावांनी पिण्याच्या पाण्याचा टँकर आवारात आणून सडा मारायला लावला. मी फळ्यावर स्वागत लिहीत होतो. माझं अक्षर बरं आहे, तेवढ्यासाठी मला बोलावतात. पाइप धरणाऱ्यानं गंमत म्हणून धार उंच उडवली, ती जाळीवरून थेट यंत्रात पडली. मी पाहिलं. खडू हवेतच राहिला. वाटलं, एवढ्या शिकलेल्या माणसांनी बनवलेलं यंत्र, त्याला टँकर आणि ढग यांतला फरक कळत असेलच. आपण कोण सांगणारे? मी 'सुस्वागतम्' पुरं केलं.

पुढच्या आठवड्यात यादी आली. आमचं मंडळ तीत नव्हतं.

लोकांनी ओरड केली तेव्हा मंडळ अधिकारी ऋतुजा मॅडम गावात आल्या. बैठक त्याच आवारात भरली. नोंद ती नोंद, त्यात बदल करता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. शिवाय पुढच्या आठवड्याचा अंदाज चांगला आहे, परिस्थिती सुधारेल, थोडा धीर धरा. अंगदराव मान हलवत होते.

"मॅडम," वनमाला म्हणाली, "गाईला अंदाज भिजवून घालू का कोरडाच?"

लोक हसले. मॅडमच्या कानशिलांवर रंग चढला, पण त्या पुन्हा नोंदीवरच आल्या. माझ्या आत काहीतरी पेटलं. मी उभा राहिलो.

"पाऊस पडला नाही," मी म्हणालो. "सडा पडला."

"अप्पा, पुस्तकातलं पुस्तकात ऱ्हाऊ द्या," अंगदराव म्हणाले. "तुमाला जवळचं दिसत न्हाई, धार कुटून दिसली?"

मी मॅडमना विचारलं, तो पाऊस किती वाजता पडला. त्यांनी मोबाइलवर पाहिलं. साडेदहा ते पावणेअकरा. मग मी अंगदरावांनीच गावाच्या ग्रुपवर टाकलेला स्वागताचा फोटो उघडायला सांगितला. वेळ दहा पन्नास. आवार ओलं, मागचा रस्ता कोरडा ठणठणीत, आणि हार घातलेले पुढारी उन्हानं डोळे बारीक करून उभे. मॅडमनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग म्हणाल्या, अहवाल पाठवते, वरून उत्तर यायला दहा-बारा दिवस लागतील.

वनमाला माझ्याकडं वळली. "अप्पा, तुमी बघितलं व्हतं?"

"हो."

"मग तवाच कावून बोलला न्हाई?"

अंगदरावांचा राग येत होता, त्या पाइपवाल्याचा येत होता. पण हातातल्या त्या खडूचा सगळ्यांत जास्त आला.

ती उठून गेली आणि गाय घेऊन आली. सगळ्यांदेखत तिनं दावं यंत्राच्या जाळीला बांधलं.

"आक्ख्या गावात हितंच पाऊस पडलाय म्हनं. मग छावणी होईस्तवर गाय हितंच ऱ्हाईल."

अंगदरावांनी गाय सोडायला माणूस पाठवला. मी आधी पोचलो. दाव्याला दुसरी गाठ मारली आणि जाळीला पाठ लावून खाली बसलो. असं मी जन्मात कधी केलं नव्हतं. मॅडमना म्हणालो, पंचनामा इथंच लिहा, मी सही करतो. मी पाहिलं आणि गप्प बसलो, हेही लिहा.

मॅडम जवळ आल्या, पण माझ्याकडं पाहत नव्हत्या. गाईनं जाळीच्या फटीतून तोंड आत घातलं होतं. साऱ्या भेगाळल्या आवारात फक्त यंत्राच्या बुडाशी, ती धार पडून पाणी मुरलं होतं तिथं, चार बोटं हिरवं गवत आलं होतं. गाय ते खात होती.

"थांबवा तिला, पुरावा आहे तो," मॅडम घाईनं म्हणाल्या आणि फोटो काढायला मोबाइल वर केला.

वनमालानं गाईला थांबवलं नाही.