सातव्या चांदणीचे टाके

बॉबिन शोधायला अर्माने पायमशीनचा खण ओढला, तो सगळाच हातात आला, आणि गुंड्या, मोजपट्टी, मोडक्या सुया यांच्याबरोबर लवीनाचं पत्र जमिनीवर पडलं. एकतीस वर्षांपूर्वीचं. अर्माने ते फाडलं नव्हतं आणि त्याला उत्तरही दिलं नव्हतं. गेल्या महिन्यात चर्चच्या साप्ताहिकात लवीनाच्या पंचाहत्तरीची बातमी आली होती, इंडियाना राज्यातल्या तिच्या पत्त्यासकट. तेव्हाही तिने पान उलटलं होतं. आता तिने पाकीट पायानेच खुर्चीखाली सारलं आणि बॉबिन उचलली. आज दुसऱ्या कुणाच्या तक्रारीला तिला सवड नव्हती.

तिची स्वतःची तक्रार कालची, गुरुवारची होती.

गुरुवारी चर्चच्या तळघरात लाकडी चौकटीवर गोधडी ताणलेली असे आणि भोवती नऊ बायका बसत. शरद ऋतूतल्या लिलावात ती विकली जाई. पैसे दूरदेशीच्या उपाशी माणसांसाठी जात. अर्मा पन्नास वर्षं खिडकीजवळच्या खुर्चीत बसत आली होती. मागच्या आठवड्यात तिने गोधडीच्या नक्षीतली सातवी चांदणी संपवली होती. काल येऊन तिने सवयीने तिच्यावरून हात फिरवला, आणि हात थांबला. टाके बारीक होते, इंचाला दहा. तिचे आता सहाच पडत. शिवाय ती दोऱ्याला स्वतःच्या पेटीतल्या मधमाश्यांचं मेण लावी, त्याने तो किंचित पिवळसर होई. हा दोरा पांढराशुभ्र होता. तिने कड उचलून उजेडाकडे धरली. नव्या टाक्यांच्या शेजारी जुन्या सुईची भोकं होती, लांब लांब. धुतल्याशिवाय ती जाणार नव्हती.

"सातवी चांदणी कुणी उसवली?"

सुया थांबल्या. व्हर्डाने चष्मा काढला. ती अर्माच्या दिराची मुलगी. दहा वर्षं हे गुरुवार तीच सांभाळत होती.

"काकू, आधी कॉफी घ्या."

"कॉफी नको. कुणी उसवली?"

"उसवली म्हणजे... जरा सारखी केली."

"सारखी चादर करतात. ते माझे टाके होते."

"अगं अर्मा," समोरून मेबल म्हणाली, "माझे उसवले असते तर मी सगळ्यांना केक आणला असता."

"तू टाके घालतेस कधी? सुईपेक्षा तोंडच जास्त चालतं तुझं."

दोघीतिघी हसल्या. व्हर्डा हसली नाही.

"काकू, गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने गोधडी उलटून पाहिली आणि बोली सोडून दिली. आपल्यासाठी थोडंच आहे हे? उपाशी लोकांना जातं."

"उपाशी माणूस टाके मोजत बसतो का?"

"सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि न सांगता बरं वाटलं?"

अर्माने सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून पिशवीत टाकलं आणि ती निघाली. तळघराच्या दाराला स्प्रिंग होती, त्यामुळे ते आपटता येईना. त्याचाही तिला राग आला.

मशीन तिच्या आईचं होतं. काळं, सोनेरी वेलबुट्टी हाताखाली झिजून गेलेली. त्यावर झगे शिवले होते, पडदे शिवले होते, गोधडीचे तुकडेही जोडले होते. पण तीन थर एकत्र शिवायला मशीन कधीच नाही. गोधडी मशीनवर घालणं म्हणजे प्रार्थना दुसऱ्याकडून म्हणवून घेणं, असं ती स्वतःच सगळ्यांना सुनावत असे. पण हाताचा टाका एका दोऱ्याचा. सुईच्या टोकाने उचलून ओढला की सरसर निघतो. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा, वरचा खालच्यात अडकलेला. बघू आता कोण उसवतं.

तिने जुन्या चादरीचे दोन चौकोन घेतले, मध्ये कापूस घातला आणि पेडल हाणलं. वरचं कापड पुढे पळालं, खालचं मागे राहिलं. उलटून पाहिलं तर पाठीवर चुण्या शिवल्या गेल्या होत्या. दुसऱ्या खेपेला रागाने पाय उलटा पडला, चाक मागे फिरलं आणि दोरा तुटला. तिसऱ्या खेपेला सुई मोडली. ती उठली, अंगणात जाऊन मधमाश्यांच्या पेट्यांपाशी उभी राहिली आणि परत येऊन बसली.

शनिवारी तिला कळलं की कापड ढकलायचं नसतं. दोन्ही तळवे पसरून नुसतं धरायचं, आणि पाय झोपाळ्यावरच्यासारखा हलवायचा. सोमवारी सकाळी एक सबंध ओळ सरळ आली. तिने चौकोन उजेडात धरला. टाके एकासारखा एक होते. त्यातला आपला कुठला, हे तिने बराच वेळ शोधलं.

दुपारी व्हर्डा आली. हातात शेवयांचं पातेलं होतं.

"काकू, मशीनवर? तुम्ही?"

"हो. घे, उसवून दाखव." अर्माने कात्री पुढे केली.

व्हर्डा खुर्चीच्या कडेवर बसली. तिने कात्रीच्या टोकाने एक टाका उचलून पाहिला, मग दुसरा.

"निघत नाही."

"निघणारच नाही. गुरुवारी घेऊन येते. लावा चौकटीवर."

"मशीनची गोधडी आपण घेत नाही, काकू. हा नियम तुम्हीच केलाय."

"आणि लोक घरी गेल्यावर त्यांचे टाके उसवायचे, हा नियम कुणी केला?"

व्हर्डाने कात्री हळूच मशीनवर ठेवली.

"मला वाटलं, तुमच्या लक्षात असेल. मी चौदा वर्षांची होते. लवीना घरी गेली की तुम्ही मला शेजारी बसवायचात. म्हणायचात, तिचा दोरा हळू ओढ, कापडाला कळता कामा नये."

बाहेरून कुणाची तरी गाडी गेली.

"लवीनाचे टाके खरंच वाईट होते," अर्मा म्हणाली.

"होते ना."

व्हर्डा उठली. "गुरुवारी या. तुमच्या खुर्चीत कुणी बसत नाही."

"यायचं का, ते मी ठरवीन. आणि पातेलं घेऊन जा."

व्हर्डाने पातेलं नेलं नाही.

अर्माने केरसुणीच्या दांड्याने खुर्चीखालून पाकीट ओढून काढलं. पत्र चार ओळींचं होतं.

'अर्मा, विक्रीच्या दिवशी मी आपली गोधडी पाहिली. माझ्या कोपऱ्यातली चांदणी फार सुंदर झाली आहे, पण ती माझी नाही. मी दर गुरुवारी तिथे बसत होते ना? एवढंच कळव.'

तेव्हा हे पत्र तिला उद्धट वाटलं होतं. गोधडीला त्या वर्षी सगळ्यांत जास्त बोली लागली होती. तक्रार कसली करायची? त्यानंतर लवीना एकाही गुरुवारी आली नाही, आणि पुढे नवऱ्याबरोबर गाव सोडून गेली.

अर्माने कागद घेतला. 'त्या वर्षीच्या गोधडीला,' असं लिहून तिने तो फाडला. दुसऱ्या कागदावर तब्येतीची चौकशी केली, तोही फाडला. व्हर्डावरचा राग तसाच होता, लेखणी कागदात रुतत होती. तिसऱ्या कागदावर तिने लिहिलं:

'लवीना, बसत होतीस. खिडकीपासून तिसरी. तुझ्या हाताला घाम यायचा म्हणून तू सुई एप्रनला पुसायचीस. टाके मी उसवले. माझेही आता उसवतात. अर्मा.'

साप्ताहिक रद्दीत गेलं नव्हतं. पत्ता तिने त्यातूनच उतरवून घेतला.

घरासमोर रस्त्याकडेच्या आपल्या टपालाच्या डब्यात पाकीट ठेवून, न्यायचं पत्र आहे हे टपालवाल्याला कळावं म्हणून तिने बाजूचा लाल झेंडा वर केला. घराकडे चार पावलं गेली आणि परत आली. तिने पाकीट बाहेर काढलं आणि ते हातात धरून तिथेच उभी राहिली. पाऊण तासाने टपालवाल्याची गाडी आली.

"आज इथेच उभ्या, अर्माबाई? काही यायचंय का?"

"नाही. जायचंय."

तिने पाकीट त्याच्या हातात दिलं. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत ती थांबली, आणि मग झेंडा खाली केला.