इस्त्रीवाल्या बाईंची साक्ष

मास्तर शिवणकामाच्या कारखान्यात कापड कापायचे. सव्वीस वर्षं, उभ्यानं. टेबलावर कापडाचे चाळीस थर पसरायचे, वर खडूनं आखायचं आणि मशीनची कात्री अशी फिरवायची, की वरच्या नि खालच्या तुकड्यात केसाचाही फरक पडू नये. शिवणाऱ्याला बसता येतं, कापणाऱ्याला नाही. अपघातानंतर डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला आणि डॉक्टर म्हणाले, "जीव वाचला," तेव्हा मास्तरांच्या मनात पहिलं आलं ते हे, की आता टेबलाशी उभं कसं राहायचं?

झालं होतं ते असं. सकाळी अकराच्या सुमाराला ते खांद्यावर अस्तराचा तागा घेऊन फूटपाथवरून कारखान्याकडे निघाले होते. वाटेतल्या गोदामाच्या फाटकातून एक टेम्पो उलटा बाहेर आला. ना हॉर्न, ना मागे कोणी हात दाखवायला. मास्तर फाटकाचा खांब आणि टेम्पो यांच्या मध्ये सापडले.

कागदावर मात्र भलतंच उतरलं. ड्रायव्हरनं लिहून दिलं, की हा माणूस फोनवर बोलत बोलत रस्त्यात गाडीमागे आला. गोदामाच्या मालकानं काखा वर केल्या. फाटकावरचा कॅमेरा म्हणे नेमका त्या आठवड्यात बंद होता. मग विमा कंपनीचं पत्र आलं: चूक जखमी व्यक्तीची, सबब भरपाई देता येत नाही.

"फूटपाथवर चालणं चूक असेल तर माणसानं काय उडत जायचं?" बायको म्हणाली आणि त्यांना चाकाच्या खुर्चीत घालून वकीलबाईंकडे घेऊन गेली.

वकीलबाई वयानं त्यांच्या मुलीएवढ्या होत्या. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "मास्तर, तुमचं खरं आहे. पण खरं असून भागत नाही, ते दाखवावं लागतं. कोणी बघितलं का?"

 बघणारं माणूस होतं. फाटकाच्या बरोब्बर समोर इस्त्रीचं दुकान होतं, आणि ते चालवणाऱ्या बाईंनीच त्या दिवशी धावत येऊन त्यांच्या मांडीला ओढणी आवळली होती. पण चार वर्षांपूर्वी याच बाईंना मास्तरांनी भर रस्त्यात वाटेल ते बोलून घेतलं होतं. मुलीच्या लग्नात घालायचा शर्ट तुम्ही जाळलात म्हणून. दोन दिवसांनी कळलं, तो डाग कारखान्यातल्या मशीनच्या तेलाचा होता. कळलं, पण दुकानाची पायरी चढून तसं सांगणं त्यांच्या जिवावर आलं. तेव्हापासून ते त्या बाजूला मान वळवत नसत.

"इस्त्रीवाल्या बाईंनी. पण त्या यायच्या नाहीत," ते पुटपुटले.

बायकोनं त्यांना न विचारताच जाऊन यायचं ठरवलं. अर्ध्या तासात परतली. "येते म्हणाल्या."

"आणखी काय म्हणाल्या?"

"काही नाही. तारीख विचारली आणि किती वाजता ते."

पहिल्या तारखेला बाई दुकान बंद ठेवून आल्या आणि दुपारपर्यंत कोर्टाच्या बाकावर बसल्या. काम पुढे ढकललं गेलं. दुसऱ्या तारखेलाही तेच. त्या दिवशी बाकावर दोघंच उरले, तेव्हा मास्तरांनी कसाबसा धीर केला.

"बाई, तो शर्ट... डाग तेलाचा होता. माझ्याच कारखान्यातला. मला तेव्हाच कळलं होतं. मला माफ करा."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "चार वर्षं लागली तुम्हाला?" म्हणाल्या आणि पाण्याची बाटली घेऊन पलीकडच्या बाकावर जाऊन बसल्या.

तिसऱ्या तारखेला साक्ष झाली. विमा कंपनीचे वकील अनुभवी होते. आवाज गोड, प्रश्न टोकदार.

"तुम्ही त्या वेळी इस्त्री करत होता. म्हणजे मान खाली. मग समोरचं दिसलं कसं?"

"चादरीची घडी घालत होते साहेब. घडी घालताना दोन्ही हात पसरावे लागतात आणि मान वर असते. तोंड रस्त्याकडेच होतं."

"हे फोनवर बोलत होते, हे खरं ना?"

"एका हातानं खांद्यावरचा तागा धरला होता, दुसऱ्या हातात पिशवी. फोन काय दातात धरणार?"

मागे कोणीतरी खुदकन हसलं. वकिलांनी चष्मा सारखा केला. "एकाच गल्लीतली माणसं तुम्ही. घरोबा असणारच. म्हणून त्यांच्यासाठी बोलताय."

"घरोबा?" बाईंचा आवाज चढला. "अहो, चार वर्षं आम्ही एकमेकांचं तोंड बघत नव्हतो! मला नाही नाही ते बोलले होते हे. मागच्या तारखेला माफी मागितली, ती अजून मी दिलेली नाही. पण हे फूटपाथवर होते आणि गाडी त्यांच्या अंगावर आली. माझा राग निराळा, हे निराळं."

आता न्यायाधीशांनाही हसू आवरेना. मास्तर मात्र मान खाली घालून रडत होते, आणि रडताना त्यांना लाज वाटत नव्हती.

निकाल लागला. चूक पूर्णपणे ड्रायव्हरची, गाडीच्या मालकाची जबाबदारी, आणि ती विमा कंपनीनं उचलायची. दवाखान्याचा खर्च, बुडालेली कमाई, कृत्रिम पाय, सगळं मान्य झालं. कारखान्याच्या मालकानं आपणहून कापायचं टेबल हातभर खाली घेतलं आणि बसायला एक स्टूल करून दिलं. नव्या पायावर तीन महिने तोल सांभाळायला शिकून मास्तर पुन्हा कामाला लागले. आधी कधी न केलेली गोष्ट ते आता करू लागले. कोणी दार धरलं, पाणी दिलं, की थांबून त्याच्याकडे बघून 'बरं वाटलं' म्हणायचे.

पहिल्या पगाराच्या दिवशी ते बाईंच्या दुकानापाशी गेले. मांडणीवरचे दोन खण रिकामे होते. पूर्वी तिथे गोदामातल्या कामगारांचे गणवेश रचलेले असत.

"गणवेश बंद झाले?"

"साक्ष झाली, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून," बाई म्हणाल्या. "उन्हात उभे राहू नका, बसा."

मास्तर बाकड्यावर टेकले. "आणि तुम्ही हे मला सांगितलंही नाही?"

"सांगून काय, तुमचा पाय दुखायचा थांबला असता?"

त्यांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "आमच्याकडचे तयार कपडे इस्त्रीला बाहेर जातात. मालकांशी बोललोय. तुम्ही घ्याल?"

"दया म्हणून देणार असाल तर नको."

"दया कसली? आताचा माणूस बाहीची घडी वाकडी घालतो. माझ्या कापण्याची अब्रू जाते."

बाईंनी इस्त्री उभी केली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे बघून मोकळं हसल्या. "सोमवारी पाठवा. आधी थोडेच पाठवा, काम बघा, मग ठरवा."

"ठरलंय," मास्तर म्हणाले आणि काठी टेकून उठले. त्यांना कारखान्यात जायचं होतं. टेबलावर थर पसरून ठेवलेले होते.